साक्षीचा वाल

चौल सोडलं त्या सकाळी आईने माझ्या हातात दोन पिशव्या दिल्या होत्या. एकीत माझी सर्टिफिकेटं होती आणि दुसरीत ओल्या फडक्यात बांधलेले सोललेले वाल. पनवेलला एका ऑफिसात मला नोकरी लागली होती, तिथे तीन मुलींबरोबर खोलीही ठरली होती. मी बावीस वर्षांची होते आणि ती दुसरी पिशवी मला अजिबात नको होती. मोड आलेल्या वालाचा वास कपड्यांना लागतो. पहिल्याच दिवशी अनोळखी मुलींसमोर तो वास घेऊन जायचं मला जिवावर आलं होतं. पण आईला हे कसं सांगणार? एसटी आली, मी खिडकीत बसले, आईने खालून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पोचलीस की आधी वाल पाण्यात टाक, मंग मला फोन कर."

गाडी सुटल्यावर मी रडले वगैरे नाही. पेणच्या पुढे ऊन चढलं तेव्हा वाल गरम होऊन आंबतील या धास्तीने मी पिशवीचं तोंड उघडून आत फुंकर घालत बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, कोंबडीचं पिल्लू आहे का आत? मी मुळातच अशी. सगळं जग बरं चाललेलं असताना कुठे काय आंबत असेल याचा विचार करणारी. या स्वभावाचा मला एवढ्या वर्षांत एकदाच खरा उपयोग झाला असता, आणि नेमकी तेव्हाच मी निवांत राहिले. तेच लिहायला बसले आहे. चौलात मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या पिशव्या मांडीवर घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी.

आमच्या घरी वाल सोलणं हा धंदा होता. बाबा मी शाळेत असतानाच गेले. वाडीतल्या दहा-बारा नारळांवर आणि सुपारीवर घर चालत नव्हतं, म्हणून आई आठवड्यातून दोनदा अलिबागच्या बाजारात बसायची. तिच्यापुढे अख्खी भाजी कधीच नसे. फणसाच्या दिवसांत चीक काढून चिरलेली कुयरी, म्हणजे कोवळा फणस, आणि वर्षभर मोड आणून सोललेले वाल. आदल्या रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग परात मांडीपुढे ओढून एकेक वाल चिमटीत दाबायचा. साल मागे राहते, वाल पुढे निसटतो. ऐकायला सोपं आहे. किलोभर सोलून बघा म्हणजे बोटांची काय दशा होते ते कळेल.

गिऱ्हाइकं ठरलेली होती. शाळेतल्या बाई, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, कोर्टात टायपिंग करणाऱ्या एक मॅडम. मी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बसायचे आणि या बायकांना मनातल्या मनात नावं ठेवायचे. एवढं शिकून स्वतःच्या घरचे वाल सोलता येत नाहीत? एकदा हे मोठ्याने बोलले तेव्हा आई रागावली. "त्यांना वेळ न्हाय गो. वेळ असता तर आपल्याकडं कशाला आल्या असत्या?" मग म्हणाली, "तुलाबी नसंल एक दिवस."

आईची एक रीत होती. ती तिच्या आईकडून आली होती की तिने स्वतःच काढली होती, हे मी कधी विचारलं नाही. केळीच्या पानात वाल बांधताना ती सगळ्यांत वर एक न सोललेला वाल ठेवायची, सालीसकट, मोडासकट. त्याला ती साक्षीचा वाल म्हणायची. साल ताठ आणि मोड पांढरा असेल तर माल आजचा. साल सुरकुतली, मोड तांबूस झाला तर कालचा. "सोलल्यावर समदे सारखेच दिसत्यात," ती सांगायची. "गिऱ्हाइकाला कळाया नको?" त्या शाळेतल्या बाई तर पान उघडून आधी साक्षीचा वाल बघायच्या, मग हसून पिशवीत टाकायच्या. आज माझ्या फ्रिजमधल्या प्रत्येक पाकिटावर पॅकिंगची तारीख असते. आईची तारीख त्या एका वालावर होती.

पनवेलहून लग्न होऊन मी खारघरला आले. आता नवव्या मजल्यावर राहते, मी, संदीप आणि दहा वर्षांची ओवी. आईचं भाकीत तंतोतंत खरं झालं आहे. मला वेळ नाही. सोललेला लसूण, चिरलेली भेंडी, निवडलेली मेथी, डाळिंबाचे दाणे, पपईचे चौकोनी तुकडे, सगळं पाकिटातून येतं. मोबाइलवर रात्री टाकलं की सकाळी दारात हजर. पण म्हणून मी सुखाने खाते असं समजू नका. पाकीट आलं की मी आधी तारीख वाचते. मग ते उजेडात धरून आत वाफ धरली आहे का बघते. मग उघडून नाक खुपसते. मग मिठाच्या पाण्यात भिजवते, मग दोनदा धुते. भेंडी धुतली की तार सुटते, हे शेंबड्या पोराला कळतं, पण न धुता टाकायला हात धजत नाही. संदीप म्हणतो, "एवढ्या वेळात अख्खी भेंडी चिरून झाली असती की." झाली असती. पण चिरायचं म्हटलं की कंटाळा येतो आणि चिरलेली आणली की भीती वाटते. या दोन्हींच्या मध्ये मी रोज सकाळी सात वाजता ओट्याशी उभी असते. जेवण उरकलं की मोबाइल विचारतो, ऑर्डर कशी वाटली? मी तेव्हा चार तारे द्यायचे. पाच कधीच नाही.

पाच तारे फक्त आईच्या पिशवीला. चौलला आमच्या शेजारी राहणाऱ्या बेबीकाकूचा जावई भाजीचा टेम्पो घेऊन वाशीच्या घाऊक बाजारात येतो. दर शनिवारी सकाळी परत जाताना तो हायवेच्या नाक्यावर थांबतो आणि आईची पिशवी देतो. किलोभर सोललेले वाल, कधी चार केळी, कधी जायफळाचं लोणचं. ओवी याला आजीचं पॅकेट म्हणते. ते मात्र मी उजेडात धरत नाही, हुंगत नाही, मिठात भिजवत नाही. फडकं सोडायचे, वरचा साक्षीचा वाल बाजूला काढायचे आणि बाकीचे सरळ फोडणीत. जगात एवढी एकच भाजी मी न घाबरता खात होते.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना पिशवीत साली येऊ लागल्या. आधी दोन-तीन न सोललेले वाल, मग सात-आठ. एका शनिवारी बिरडं खाताना ओवीने तोंडातून साल काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि "ई" केलं. मला ऑफिसच्या कामाचा वैताग होता. मी लगेच आईला व्हॉइस मेसेज टाकला. शब्द न शब्द आठवतो, कारण तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. "आई, या वेळी फार साली राहिल्यात गं. ओवीच्या दाताखाली आल्या. जरा नीट बघून पाठव ना." पाकीटवाल्यांना तक्रार करतात तोच सूर. आईला लिहिता येतं, पण टायपिंग जमत नाही. तिने उलट मेसेजात एवढंच म्हटलं, "बरं."

पुढच्या शनिवारी वाल आले ते अगदी साफ. सालीचं नाव नाही. एकसारखे, पिवळसर, निथळलेले. मी ताटात ओतले, हात फिरवला आणि आईला मेसेज केला, एकदम फर्स्ट क्लास. त्यानंतरच्या प्रत्येक शनिवारी तसेच. माझी मीच खूश. सांगितलं की सुधारतं माणूस, असं संदीपला म्हणालेसुद्धा. पुढचे पाच महिने मी आईच्या बाबतीत पूर्ण समाधानी होते. हे वाक्य लिहिताना लाज वाटते.

फेब्रुवारीत एका रविवारी आमच्या सोसायटीच्या लॉबीत एक मुलगी टॅब घेऊन उभी होती. कॉलेजचा प्रोजेक्ट होता तिचा, चिरलेली फळं-भाज्या विकत घेणाऱ्यांच्या सवयींवर. लोक तिला टाळून लिफ्टकडे पळत होते. मला तिची दया आली, शिवाय विषयही माझा जिव्हाळ्याचा, म्हणून थांबले. आठवड्यातून किती वेळा घेता? का घेता? धुता का? या प्रश्नावर मी इतकं लांबलचक उत्तर दिलं की तिला ते लिहायला जागा पुरेना. शेवटी तिने विचारलं, "काकू, घेताना सगळ्यांत जास्त काळजी कशाची वाटते? ताजेपणा, स्वच्छता, किंमत, की कोणी कापलंय ते माहीत नसणं?"

"कोणी कापलंय ते माहीत नसणं," मी म्हणाले.

"मग माहीत असलं तर तुम्ही पूर्ण समाधानी असाल?"

"म्हणजे काय! माझी आई वाल पाठवते ना दर आठवड्याला. कोणी सोललेत ते माहीत, कधी सोललेत ते माहीत. ती वर एक न सोललेला वाल ठेवते, त्यावरून कळतंच..."

आणि मी तिथेच अडखळले. शेवटचा साक्षीचा वाल मी कधी बाजूला काढला होता? कालच्या पिशवीत नव्हता. त्याच्या आदल्या शनिवारी? आठवेना. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिला "झालं, झालं" म्हणून वर आले आणि फ्रिजमधला वालाचा डबा ताटात उपडा केला. एकेक वाल बघितला. सगळे सोललेले होते. आईने मला कधी न सांगता एखादी गोष्ट सोडून दिली असती, पण तो वाल नाही. देवापुढचा दिवा एखाद्या संध्याकाळी राहिला असेल, साक्षीचा वाल राहिलेला मी पाहिला नव्हता.

मग एकामागून एक गोष्टी आठवू लागल्या. आईने दिवाळीपासून बाजारात बसणं सोडलं होतं. पाय दुखतात म्हणाली होती, मी म्हटलं होतं बरं झालं, आराम कर. मकरसंक्रांतीला गेले तेव्हा तिच्या दंडावर हिरवा-निळा डाग होता. दाराची चौकट लागली म्हणाली. ताकाचा पेला तिच्या हाताने कलंडला तेव्हा ती फळीवर नुसतीच कडेकडेने हात फिरवत राहिली होती. मी फडकं आणून पुसलं आणि विषय संपवला. भेंडीच्या पाकिटात धरलेली वाफ मला लांबून दिसते. हे दिसलं नव्हतं.

पुढची पिशवी भरायच्या दिवशी, शुक्रवारी, रजा टाकली आणि न कळवता निघाले. अलिबागहून चौलची गाडी धरली, नाक्यावर उतरले आणि वाडीच्या बाजूच्या फाटकातून आत शिरले. आई पडवीत परात घेऊन बसली होती. तिच्या उजव्या हाताला पाच-सहा पावलांवर मी उभी. फाटक उघडंच होतं, त्यामुळे आवाज झाला नव्हता. एरवी वाडीत झावळी पडली तरी आई मान वळवायची. आता तिने बघितलंच नाही. मी तशीच उभी राहिले. ती एकेक वाल चिमटीत दाबत होती, भराभर, पूर्वीसारखीच. पण परातीच्या मधलेच वाल ती उचलत होती. कडेला, उजवीकडे आणि डावीकडे, मूठमूठभर वाल सालीसकट तसेच पडले होते. मधले संपले तशी तिने सुस्कारा सोडला, पाठ सरळ केली आणि हाक मारली, "बेबे, झालं गो माझं! ये."

बेबीकाकू तिच्या घरातून हात पुसत आली. मला बघून थबकली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती मुकाट्याने आईसमोर बसली, परात स्वतःकडे ओढली आणि कडेचे वाल सोलू लागली. सोललेल्या वालांवर एक सालीचा वाल आईने मुद्दाम ठेवला होता. बेबीकाकूने तोही उचलला आणि सोलून टाकला. तिला त्या वालाचं काय माहीत? न सोललेला राहिला की पोरीची तक्रार येते, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

मी पुढे होऊन आईच्या अगदी समोर बसले तेव्हा ती दचकली. "अगो, सुजा? तू कदी आलीस? कुठून आलीस?"

"फाटकातून. मघाशीच."

ती बेबीकाकूवर डाफरली. "सांगितलंस ना तिला?"

"म्या काय न्हाय सांगितलं बाय," बेबीकाकू म्हणाली. "तिला डोळं हायत."

तो टोमणा नव्हता, पण आईचा चेहरा उतरला. ती म्हणत राहिली की तिला सगळं दिसतं. समोरचा माड दिसतो, त्यावरचे नारळ मोजून दाखवते. आणि खरंच मोजून दाखवले. "काय झालं न्हाय मला. साली कुठून ऱ्हातात तेच कळंना. मी समदे सोलते, आन् तरी ऱ्हातात. तू बोललीस तवापासून बेबीला बसवते." तिला खरोखरच कळत नव्हतं. तिच्या लेखी परात रिकामी झालेली असायची.

अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना आम्ही दोघी मोतीबिंदूच्या गोष्टी करत होतो. अमकीचं ऑपरेशन झालं, तमकी दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवायला लागली. मी पण मनात ठरवून टाकलं होतं, मोतीबिंदूच असेल. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, दाब मोजला आणि आईला आतल्या अंधाऱ्या खोलीत एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेही बारीक उजेड दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराबाहेरच्या बाकावर होते. बटणाचा आवाज बाहेर येत होता. टक. टक. मग काहीच नाही. मला वाटलं तपासणी संपली. मग पुन्हा एक टक. मग इतका वेळ शांत की मी उठून दाराशी गेले. आतली मुलगी आईला म्हणत होती, "आजी, दिसेल तेव्हाच दाबा हं." आणि आई म्हणाली, "दिसंल तवाच दाबते गो." बाकावर बसून मी जन्मात कशाची वाट पाहिली नसेल एवढी त्या टकची वाट पाहिली.

तो काचबिंदू होता. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून दाखवले, कडेने काळे केलेले. मधली नजर शाबूत राहते, कडेची हळूहळू जाते, आणि माणसाला पत्ताच लागत नाही, कारण समोरचं सगळं दिसत असतं. गेलेली परत येत नाही. आहे ती राखायची, सकाळ-संध्याकाळ थेंब घालून, एकही दिवस न चुकवता. मी विचारू नये ते विचारलं. "पाच महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

त्यांनी मला बोल लावला नाही. "थोडं जास्त वाचलं असतं," एवढंच म्हणाले.

त्या थोड्याचा हिशेब मी अजून करते. माझी आई मला दर शनिवारी किलोभर वालातून सांगत होती की तिची नजर कडेने कमी होते आहे. तिला स्वतःला माहीत नसलेली गोष्ट ती मला पाठवत होती. आणि मी माल खराब आला म्हणून तक्रार नोंदवली. तक्रार केली नसती तर साली वाढत गेल्या असत्या, केव्हातरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता. मी माझ्या हाताने ती खूण बंद करून घेतली आणि वर फर्स्ट क्लास म्हणाले.

आईला मी खारघरला आणलं. कायमचंच, असं मनाशी धरून. पहिल्या सकाळी मी पाकिटं लपवली, अगदी खरं सांगते. पण तिने फ्रिज उघडलाच. चिरलेल्या फरसबीचं पाकीट हातात घेऊन डोळ्यांसमोर धरलं, फिरवून बघितलं. आता बोलणी खायची म्हणून मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

"ब्येस चिरलंय गो," ती म्हणाली. "येकसारखं. किती बाया असतील?"

"कुठे?"

"हितं चिराया. बसून चिरतात का उभ्यानं?"

मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं मी त्या पाकिटात वाफ शोधली, वास शोधला, पण त्यामागची बाई बसलेली आहे की उभी, हा प्रश्न मला पडला नव्हता. आईने आणखी विचारलं, "बरं झालंय म्हून तिला कोण सांगतं?" मी तिला तारे दाखवले. तिने माझ्याकडून त्या फरसबीला पाच द्यायला लावले. तेव्हापासून मी कंजूषपणा सोडला आहे.

पण नवव्या मजल्यावर आईचं बस्तान बसेना. चौलच्या घरात तिला डोळ्यांची गरज लागत नव्हती. चूल कुठे, उंबरा किती उंच, विहिरीपर्यंत पावलं किती, ते तिच्या अंगात होतं. माझ्या घरात ती कपाटाच्या उघड्या दाराला धडकली, काचेच्या टेबलाला धडकली, ओवीच्या सायकलवर पडता पडता वाचली. तिसऱ्या आठवड्यात ती सोफ्याच्या मधोमध हात मांडीवर घेऊन बसून राहू लागली. काही करायचं म्हटलं की आधी मला विचारायची. मला ते बघवेना. तिला ठेवून घेतलं तर ती अशी बसून राहणार, पाठवलं तर माझा जीव टांगणीला. एक दिवस तिने स्वतःच सांगितलं, "मला सोड चौलला. थेंब बेबी घालंल. हितं माझी नजर हाय तेवढीबी कामाला येत न्हाय."

नेऊन सोडलं. आता सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला मी व्हिडिओ कॉल करते. बेबीकाकू आईची मान मागे करते, थेंब पडतो, मी इकडे मोबाइल घट्ट धरून बसते. पंधरा दिवसांनी शनिवारी-रविवारी जाते. दर तीन महिन्यांनी ते यंत्र, तो बाक, तो टक. मधल्या दिवसांत अवेळी फोन वाजला की नाव बघेपर्यंत माझ्या मनात आई विहिरीपर्यंत जाऊन पडलेली असते. फोन बहुतेक वेळा पार्सलवाल्याचा असतो.

आणि वाल पुन्हा सुरू झाले. आईने हट्टच धरला, एकटीनेच सोलणार म्हणून. तिने एक युक्ती काढली आहे. दर मुठीमागे ती परात थोडी फिरवते, म्हणजे कड समोर येते. तरी काही राहतात. बेबीकाकूने त्यांना हात लावायचा नाही, असं आम्ही तिघींनी ठरवलं आहे. शनिवारी मी पिशवी ताटात ओतून सालीचे वाल वेगळे काढते, आणि मोजून झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाही. मग आईचा फोन येतो आणि ती "पोचले का?" असं न विचारता एकच शब्द विचारते, "किती?" कमी सांगायचा मोह मला दर वेळी होतो. एकदा सांगितलेही होते. तिला आवाजावरून कळलं. "सुजा, मला फशीवलंस तर मी कुनाला विचारू?" असं म्हणाली, आणि त्यानंतर मी कधी खोटं बोलले नाही.

घर म्हणजे काय, असं आमच्यासारख्या बाहेर पडलेल्यांना लोक अधूनमधून विचारतात आणि आपण समुद्र, माड, पोफळी असं काहीतरी सांगतो. मीही सांगायचे. आता मला एवढंच कळतं की जिथला बरा-वाईट आकडा मला खरा सांगावा लागतो, ते माझं घर. बाकी सगळीकडे मी तारे देऊन मोकळी होते.

आज सकाळी पिशवी आली. मी दोनदा मोजले. गेल्या शनिवारी चार होते. ताटापुढे मी बराच वेळ बसून राहिले, ओवीने दोनदा विचारलं काय झालं म्हणून. तेवढ्यात फोन वाजलाच.

"किती?"

"सहा," मी म्हणाले.

पलीकडे वाडीत कुठेतरी झावळी पडल्याचा आवाज आला.

"येक आज मी ठेवलाय वर," ती म्हणाली. "पाच म्हन."